भूल देण्याआधीची चौकशी

प्रिय झिपरे,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट हातात आल्यावर तू आधी इकडेतिकडे बघितलं असशील. म्हणूनच ते घरी न पाठवता तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवलंय, आणि मागच्या बाजूला माझं नाव लिहिलेलं नाही. एकमेकींना लिहायचं नाही असं आपलं ठरलं होतं. तू सांगितलंस, मी मान डोलावली आणि इतकी वर्षं तो शब्द पाळला. आज मोडतेय. का मोडतेय ते सांगणारच आहे, पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? वसतिगृहात शेजारच्या खोलीत मीठ मागायला गेले की मी अर्ध्या तासाने परत यायचे, तेही मीठ विसरून. तेव्हा जरा दम धर आणि दार लोटून वाच.

मी अजून बस आगारातच आहे. फक्त तिकिटांवरून उचलून मला आता चौकशीच्या खिडकीत बसवलंय. दिवसभर लोक विचारतात, गाडी कधी लागणार, कुठे लागणार, लागली नाही तर का नाही लागली. मला स्वतःला काही माहीत नसतं, तरी चेहरा असा ठेवावा लागतो की गाडी मलाच विचारून सुटते. आणि एवढं सगळं झेलून घरी यावं, तर दारातच आमची लेक उभी असते. तिला आम्ही भुंगा म्हणतो, कारण ती प्रश्नांनी पोखरून काढते. आता तिला बारावं लागलंय. केस म्हणशील तर कंगव्याचे दात मोडतात, पण गुंता सुटत नाही. ते कोणावर गेलेत, ते मी सांगायला नको.

संध्याकाळी जेवणाआधी आमच्याकडे सगळे प्रार्थनेला बसतात, हे तुला आठवत असेल. आमच्याकडे राहिलीस ते काही महिने तूही बसायचीस, पाठीला उशी लावून, भिंतीला टेकून. पद्धत अजून तीच आहे. प्रत्येकाने देवाशी एक गोष्ट मोठ्याने बोलायची. सासूबाई आभार मानतात. आमचे सुतार मदत मागतात, तीही लाजतलाजत, उसनवारी केल्यासारखी. मी दोन्ही एका दमात उरकते, कारण गॅसवर काहीतरी असतं. भुंगा मात्र प्रश्न विचारते. मुंग्यांना पाठीचा कणा दिला नाहीस, तरी त्या इतक्या सरळ रांगेत कशा चालतात, असं तिने एकदा देवालाच विचारलं. सासूबाई आधी वैतागायच्या. देवासमोर हात जोडायचे असतात, त्याची परीक्षा घ्यायची नसते, असं त्यांचं म्हणणं. आता त्याही उत्सुकतेने कान देऊन बसतात.

आता पाठीचंच सांगते. भुंग्याला अभ्यासाला बसायला यांनी मोठ्या हौसेने एक खुर्ची केली. पोर बसली की खुर्ची एका अंगाला झुकल्यासारखी दिसायची. यांनी एक पाय तासला. मग दुसरा. मग फरशी तपासली, मग परत पहिला पाय. तू बघितलायस ना यांचा हट्ट? खुर्ची तासता तासता इतकी बुटकी झाली, की भुंग्याची हनुवटी टेबलाला टेकायला लागली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, अरे, खुर्ची सरळ आहे, जरा पोरीकडे बघ. तेव्हा यांनी तिला भिंतीपाशी उभं केलं आणि ओळंबा धरला. उजवा खांदा वर, कंबर डावीकडे. पाठीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. कणा मधोमध वळलाय आणि वळतच चाललाय. पट्टा बांधून भागणार नाही, ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर पुढे फुप्फुसाला जागा अपुरी पडेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. दोन सळया आणि पुष्कळसे स्क्रू. भुंग्याने विचारलं, स्क्रू चपट्या डोक्याचे की गोल? मग सळया गंजतील का, पोहताना जड होतील का, आणि ऑपरेशननंतर ती किती उंच होईल. डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवून तिला एक खरा स्क्रू दाखवला. तो बघून यांनाही धीर आला. स्क्रूमधलं यांना कळतं.

तेव्हापासून घरात लगीनघाई चाललीय म्हण ना. वाकायला लागू नये म्हणून यांनी भुंग्याची खाट उंच करून दिली. तिच्या रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आल्या, आणि आता माझी भांडी कुठे आहेत ते मलाच सापडत नाही. कण्याला पीळ न देता एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सबंध शरीर एकदम कसं वळवायचं, हे परिचारिकेने आम्हाला शिकवलं. त्याचा सराव सासूबाई गोधडीच्या वळकटीवर करतात, आणि वळकटीला दुखलं का म्हणून विचारतात. श्वास आत ओढून नळीतले चेंडू वर उचलायचं एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलंय, छाती मजबूत व्हायला. त्यात भुंगा सगळ्यांना हरवते. आमच्या प्रार्थनेच्या मंडळींपैकी एक काका परवा येऊन सांगून गेले, की श्रद्धा पक्की असली तर सुरी लागत नाही. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, माझा मोतीबिंदू काढला तेव्हा देवाने काही राग धरला नाही, उलट आता मला तुमच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसतंय. काका पाणी पिऊन गेले.

मला मात्र भीती वाटते, झिपरे. दिवसा नाही वाटत, दिवसा कामं असतात. पण ती आंघोळीला गेली आणि नळाचा आवाज मध्येच थांबला, तरी माझा जीव वर येतो.

आता खरी गोष्ट. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांनी विचारलं, घराण्यात कोणाला भुलीचा कधी त्रास झालाय का? आणि मी सुटले. चौकशीच्या खिडकीतली बाई, मला काय, विचारायचा अवकाश. माझ्या आईला पित्ताशय काढल्यावर दोन दिवस कशा उलट्या होत होत्या, माझ्या मामाला शुद्धीवर यायला किती उशीर लागला, सासरे तर टेबलावरच प्रार्थना गायला लागले, आणि तीही बेसूर. डॉक्टरबाई भराभर लिहून घेत होत्या. उलट्यांवर कोणतं औषध द्यायचं, कोणत्या तपासण्या करायच्या, सगळं ठरत आलं होतं. हे माझ्या शेजारी मान डोलावत होते. यांनी तर स्वतःच्या आत्याच्या दम्याचीही त्यात भर घातली. मग स्टुलावर बसलेली भुंगा हळूच म्हणाली, की आई, पण मी तर तुमच्या रक्ताची नाही ना, मग हे सगळं माझ्यात कसं येईल? तिला पहिल्यापासून माहीत आहे, आम्ही कधीच लपवलं नाही. विसरलो होतो ते आम्ही दोघं. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं, मग त्या हसल्या, आम्हीही हसलो, हे तर डोळे पुसेपर्यंत हसले. लिहिलेलं सगळं त्यांनी एका रेघेत खोडलं. आणि मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, मग जन्मदात्या आईकडचं काही माहीत आहे का?

झिपरे, त्या क्षणी मला तुझा भाऊ आठवला. गच्चीवर कपडे वाळत घालताना तू एकदाच सांगितलं होतंस. झाडावरून पडून त्याचं कोपर मोडलं होतं. हाड बसवायचं किरकोळ काम, हसत आत गेला, आणि परत आलाच नाही. आत असतानाच त्याचं अंग भट्टीसारखं तापत गेलं, असं तुझी आई म्हणायची. घरी तुझ्या वडिलांनी देवाची इच्छा म्हणून विषय मिटवला, फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवला, आणि तू मला म्हणालीस, यावर परत काही विचारू नकोस. मी नाही विचारलं. पण भुंग्याला बाहेर माशांची काचेची पेटी बघायला पाठवून डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं. नाव घेतलं नाही तुझं, गावही नाही. त्यांचा चेहरा बदलला. काही घराण्यांमध्ये भुलीची ठरावीक औषधं शरीराला सोसत नाहीत, अंग कडक होतं आणि ताप आवरत नाही, असं त्यांनी सांगितलं. बाहेरून काही कळत नाही, माणूस ठणठणीत दिसतो. हे आईवडिलांकडून मुलांकडे येतं. आधी माहीत असेल तर वेगळी औषधं देता येतात, उतारा हाताशी ठेवता येतो, आणि सगळं नीट पार पडतं. रक्ताच्या नात्यातल्या कोणाची तपासणी झाली, तर मुलीच्या रक्तात नेमकं काय शोधायचं तेही कळतं. त्यांनी तारीख पुढे ढकलली आहे. कणा काही आमच्यासाठी थांबणार नाही, त्यामुळे फार पुढे नाही.

माशांची पेटी कितीशी पुरणार? परतीच्या बसमध्ये भुंग्याने सगळं काढून घेतलं. मला वाटलं घाबरेल. तिने विचारलं, त्या मामाला काय आवडायचं? त्या संध्याकाळी प्रार्थनेत ती म्हणाली, देवा, तुला तर सगळं माहीत आहे, पण तू डॉक्टरबाईंना सांगत नाहीयेस, मग आम्ही कोणाला विचारायचं? जेवणं झाल्यावर सासूबाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, विचार तिला, फार तर नाही म्हणेल.

तर विचारते. त्याला नेमकं काय झालं, हे तुझ्या आईला किंवा आणखी कोणाला आठवतं का? अंग कडक झालं होतं का, जबडा आवळला होता का, कुठलं रुग्णालय होतं? आणि एकदा तुझ्या गावातच रक्त देशील का? डॉक्टरबाईंचा फोन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलाय. त्या तुझं नाव कोणाला कळू देणार नाहीत, मलासुद्धा काही सांगणार नाहीत. तुझ्या नवऱ्याला कळायचं कारण नाही. तुला दोन मुलं आहेत असं कानावर आलंय. उद्या त्यांच्यावर किंवा तुझ्यावर अशी वेळ आली, तर भूल देण्याआधी हे सांग, एवढ्यासाठीही हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. मला तुझ्याकडून भेट नको, फोटो नको. ती आमचीच आहे, त्याची मला काळजी नाही. ती टेबलावरून जिवंत परत यावी, एवढंच मला तुझ्याकडून हवंय. भुंग्याला या पत्रात तुला ढीगभर प्रश्न विचारायचे होते. मी म्हटलं, एकच, आणि तुला दुखेल असा नको. खूप विचार करून तिने तो ठरवला. ऑपरेशननंतर बरेच दिवस तिला पालथं झोपता येणार नाही, आणि त्याशिवाय तिला झोपच येत नाही. तर ती विचारतेय, तूही पालथीच झोपतेस का? एका खोलीत इतकी वर्षं काढली आपण, मला उत्तर पाठ आहे. पण ते मी तिला दिलेलं नाही. ते तुझं तू दे.

तुझीच,
ढापणी