विहिरीचं उत्तर

मास्तर, या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, कारण तुम्ही गेल्यावर त्यात बरीच भर पडली. चार ट्रान्सफॉर्मर, वेढे मोजून गुंडाळलेले. फणसाच्या लाकडाच्या अठरा स्पीकरपेट्या. सायकलच्या नळीचे माइकस्टँड. सहा माइकांचा मिक्सर, त्याचा पत्राही मीच कापला. केळी पिकवायच्या खोलीला आतून गोणपाट ठोकून केलेली रेकॉर्डिंगची खोली. कुठल्या संस्थेचा कागद माझ्याकडे नाही. पहिलं सोल्डरिंग आयर्न तुम्ही मुंबईहून आणून दिलंत आणि सोबत एकच नियम: प्रत्येक सांधा चिमटीत धरून ओढून बघायचा. एकदा मी न ओढताच पेटी बंद केली, तर बँडच्या सगळ्या लोकांसमोर ती उघडायला लावलीत. "तुझा हात छान आहे रे," म्हणालात, "पण ते वायरला ठाऊक नसतं."

तुमचा बँड कधीच मोडला, पण कॅसेट अजून वाजतात. रविवारी देवळात मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, झाली की वटारला त्या केळीवाल्याच्या ओट्यावर चार माणसं जमतात आणि चहा संपायच्या आत वाद तुमच्या शेवटच्या गाण्यावर येतो. लग्नात नाचवणारी तुमची ती सगळी गाणी, आणि शेवटी हे एक संथ, विहिरीचं. दोन कडव्यांत बायका विहिरीला विचारतात, तुझं पाणी कुठे गेलं. तिसऱ्या कडव्यात विहीर उत्तर देणार, आणि तिथे सोळा मात्रा नुसता ढोल. केळीवाल्याचं म्हणणं, हीच तुमची कमाल. "टँकरवाल्यांनी उपसून नेलेली विहीर बोलणार कशी? मास्तरांनी तिला मुकी ठेवली." आपल्या शाळेतल्या बाईंना ते पटत नाही. त्या म्हणतात, गाणं अपुरं राहिलंय आणि अपुऱ्याला खोल म्हणायची आपल्याला खोड लागलीय. "बाई, पेपर तपासू नका, गाणं ऐका," केळीवाला म्हणतो. गेल्या रविवारी अर्नाळ्याहून तुमचा ढोलवाला आला होता. वाद ऐकून म्हणाला, "वाजवलेलं त्यांनी. ट्रम्पेट वाजवलेला, पूर्न. मी बाजूलाच होतो." सगळे हसले. केळीवाला म्हणाला, "बाबा, आधी कानाला मशीन लावा." ढोलवाला माझ्याकडे वळला. "तू होतास ना तिथे. तू सांग, मी कोनाला खोटं सांगू?" मी म्हणालो, "टेपवर नाहीये." चहा तसाच ठेवून तो चप्पल शोधू लागला.

रेकॉर्डिंगची ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. डॉक्टरांनी तुम्हाला ट्रम्पेट फुंकायची बंदी केलेली, तुमच्या छातीतली घरघर गोणपाटानेही लपत नाही. तुमचा हट्ट एकच, एवढं एक गाणं. सकाळी मी तुमच्या माइकची पिन नवी बसवलीय आणि सांधा ओढून बघितलेला नाही. विसरलो असं नाही. तेव्हा वसई स्टेशनपलीकडूनही लोक माझं काम बघायला येत होते, आणि अजून सांधे ओढत बसणारा माणूस मला शिकाऊ वाटायला लागला होता. तिसरं कडवं येतं. तुम्ही स्टँड जरासा जवळ ओढता, वायर ताणते, डोळे मिटून तुम्ही फुंकता. गळ्याच्या शिरा वर आलेल्या. माझ्यासमोर मिक्सरवरचा तुमच्या माइकचा काटा पडतो तो उठतच नाही. मी हात वर करून थांबवायला हवं होतं. नाही केला हात वर. गाणं संपल्यावर पिन उघडली तर वायर अलगद बोटात आली. पिन मी खिशात टाकली.

संध्याकाळी सगळ्यांनी टेप ऐकली. तिसऱ्या कडव्याला तुम्ही मान वर केलीत. "इथे मी कुठे आहे?" मी म्हणालो, "फुंक कमी पडली, मास्तर. माइकपर्यंत पोचलीच नाही." ढोलवाला म्हणाला, चला, परत घेऊ या. तुम्ही आपल्या हातांकडे बघत बसला होतात. "नको," म्हणालात, "याची मशीन चुकत नाही." मग ट्रम्पेट फडक्याने पुसून पेटीत ठेवलात आणि दोन्ही कड्या लावल्यात. नाताळपर्यंतही तुम्ही राहिला नाहीत. त्या कड्या पुन्हा उघडल्या नाहीत, हे तुमच्या बायकोने मला मयताच्या दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाल्या, शेवटचं गाणं तुझ्यामुळे झालं बाबा. मी मान हलवली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. मिक्सरचा पत्रा खोलून आत ठेवणार आहे, ती पिनही तिथेच आहे. एक तेवढं सांगायचं राहिलं. तुम्ही वाजवलेलं मूळ टेपवर ढोलाच्या माइकमधून उतरलंय, लांबून आल्यासारखं, फार बारीक. कानाला हेडफोन लावून मी ते इतक्या वेळा ऐकलंय की ढोलाखालचा सूर न् सूर मला पाठ आहे. सोळाच्या सोळा मात्रा, श्वास कुठेही तुटलेला नाही. गेल्या महिन्यात मुंबईचा एक सीडीवाला आला होता. त्याला मूळ टेप हवी होती, स्टुडिओत नेऊन साफ करायला. त्याच्या माणसाने अर्ध्या तासात तुमचा सूर ढोलाच्या वर आणला असता, आणि फुंक कमी पडली असं कुणी सांगितलं होतं, हे ढोलवाल्याला आठवतंच. मी नकार दिला. ओट्यावर केळीवाल्याने पाठ थोपटली, म्हणाला, मास्तरांची ठेव विकली नाहीस, आणि मी त्याला थोपटू दिली. सीडीवाला साठ हजार देत होता.