कासवीचा मुराळी

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
मुंबई, ९ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. पद्माआक्कास सहदेवचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि कुळथाचे पीठ दोन्ही पोचले. पुडी आगबोटीत कोणाच्या तरी पायाखाली आलेली दिसते, पण पिठी झकास झाली. शेजारणीच्या म्हशीविषयी तू पानभर लिहिलेस आणि बाबांच्या खोकल्याविषयी एक ओळ नाही. पुढच्या पत्री म्हैस थोडी कमी कर.

माझे 'सागरविहार' बागेतले काम चालू आहे. पुढे पाळणे, फिरते घोडे, आणि मागे खाऱ्या पाण्याचे मोठे सिमेंटचे टाके. त्यातले मासे सांभाळणे हे माझे काम. पण सरंगा नि तांबोशी बघायला माणसे थांबत नाहीत, ती ते बाजारात रोजच बघतात. शेटना आता मोठे कासव हवे आहे. ते मला म्हणाले की तू मालवणकडचा, एक कासव आणून दे, लगेच कायम करतो. दोन वर्षे मी हंगामी आहे, आक्का. कधी नको म्हणतील याचा नेम नाही.

आपली रीत मी विसरलेलो नाही. रापणीच्या जाळ्यात कासव आले की बाबा सगळ्यांना थांबवतात, हळदकुंकू लावतात, नारळ देतात आणि हात जोडून त्याला पाण्यात सोडतात. पण इथे त्याला कोणी मारणार नाही, खाऊपिऊ घालतील. बाबांना विचारायचा मला धीर नाही. तुझे ते ऐकतात. बघ जमले तर.

मोठ्या बहिणीची माया आहे तशी असू दे.
तुझा सहदेव

॥ श्री ॥
तोंडवली, २ डिसेंबर १९५८

चि. सहदेव यास पद्माआक्काचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचेल त्याआधी आगबोटीने तुझे कासव पोचलेले असेल. धोंडूकाकांनी ते होडीने मालवण बंदरात नेऊन बोटीवर चढवले. ओल्या गोणपाटात गुंडाळले आहे. बाबांना यातले काही ठाऊक नाही. ते आत्याच्या मुलीच्या लग्नाला आरोंद्याला गेले आहेत, शनिवारी येतील. मी विचारलेच नाही रे. विचारले असते तर नाही म्हणाले असते, आणि मग तुझी नोकरी मी घालवली असे मला जन्मभर वाटले असते.

गुरुवारी रापण ओढली त्यात ते आले. बाबा नसले की रापणीवर धोंडूकाकांचा शब्द चालतो. मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले की बापाशीक काय सांगशीत गो? मी म्हटले, ते माझ्यावर सोडा. बाकीचे काही बोलले नाहीत. निम्म्या घरांतले कोणी ना कोणी मुंबईत कायम व्हायची वाट बघते आहे, ते काय बोलणार.

एक गोष्ट तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. शेपटी आखूड आहे बघून काकांनी ती मादी असल्याचे सांगितले. तिला तशीच धाडायला माझे मन घेईना. हळदकुंकू लावले, आणि मग हात आपोआपच पुढे झाले. तिच्या पाठीवर खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. सासरी जाणाऱ्या पोरीला म्हणतो तसे तोंडातून निघून गेले, बेगीन परत ये गो. धोंडूकाका माझ्याकडे बघतच राहिले.

तिला उन्हात ठेवू नको. तुझे भले व्हावे एवढेच मागते.
तुझी पद्माआक्का

मुंबई, ४ जानेवारी १९५९

ती. सौ. पद्माआक्कास सा. न. वि. वि.

मी कायम झालो! शेटनी सर्वांसमोर पेढे वाटले. तुझ्या पाठवणीची हकीकत वाचून मी हसलो खरा, पण मग चाळीत कोणाला वाचून दाखवावीशी वाटली नाही.

कासवीला बघायला तोबा गर्दी होते. शेटनी तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'राणी' असे लिहून घेतले. परवा अंध मुलींच्या शाळेतल्या पोरी आल्या होत्या. एका मुलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती अशी हरखून हसली की माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी वाटले, केले ते बरे केले.

पण वर्तमानपत्रात रोज पत्रे छापून येत आहेत. एक प्राध्यापक लिहितात की ज्यांना समुद्र बघायला मिळत नाही त्या मुलांना असे प्राणी दाखवलेच पाहिजेत, त्याशिवाय त्यांच्याविषयी प्रेम कसे वाटणार. एक डॉक्टरीणबाई लिहितात की अथांग पाण्यातल्या जिवाला कोंडून दाखवणे ही करमणूक नव्हे. मला दोघांचेही पटते, हीच पंचाईत. पुढच्या महिन्यात दादरला यावर जाहीर सभा आहे. शेट म्हणतात, तू दर्यावर्दीचा मुलगा, सभेत उभा राहून सांग की कासव मजेत आहे.

मजेत आहे का, ते तूच बाबांना आडून विचार. ती खात नाही. टाक्याच्या उतरत्या पायऱ्यांवर चढून येते आणि मागच्या पायांनी सिमेंट खरवडत बसते, लोक म्हणतात नाचते. इतके खरवडले की पायांतून रक्त आले. मी औषध लावतो, ती पुन्हा तेच करते.

काळजीत आहे. लवकर लिही, एवढी कृपा कर.
सहदेव

तोंडवली, १५ जानेवारी १९५९

चि. सहदेव यास आशीर्वाद.

आडून विचारणे मला जमले नाही. तुझे पत्र घेऊन बाबांपुढे बसले आणि सगळे सांगून टाकले. वाटले होते ओरडतील. ते जाळे विणत होते, हातातली सुई थांबली. तू लिहिलेले खरवडण्याचे मला दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले की ती रेव शोधता. तिच्या पोटात अंडी आसत, ती घालूक जागा बघता. एवढे बोलून उठून दर्यावर गेले. जेवायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला एवढेच विचारले की ओटी भरलंस काय? मी हो म्हटले. मग ते जे बोलले ते तसेच लिहिते. नुसता हळदकुंकू लावून धाडलं असतंस तर देवाचो अपराध झालो असतो, तो मी फेडलो असतो. पण तू ओटी भरलंस. ओटी भरून धाडलंला चेडू आपला. त्याका माहेराक हाडूक व्हया. मुराळी भावानच जावक व्हयो, तेव्हा सहदेवाक लिही.

मी म्हटले, बाबा, त्या मुलीला माहेरी आणायला गेला तर त्याची नोकरी जाईल. ते पुन्हा जाळे विणायला बसले. मला वाटते त्यांना ते कळत नाही असे नाही. रात्री खोकत होते. सहदेव, चूक माझी आहे आणि भरायची मात्र तुला. काय करायचे ते तू ठरव, तू काहीही केलेस तरी मी तुझ्याच बाजूची.

तुझी आक्का

मुंबई, ३ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. पद्माआक्कास सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मला बाबांचा रागच आला होता. कायम नोकरी म्हणजे काय ते त्यांना काय माहीत, असे म्हणून मी पत्र ट्रंकेत टाकले. आठ दिवस ते तिथेच होते.

गेल्या गुरुवारी सकाळी टाके साफ करायला उतरलो तर पाण्यात अंडी पडलेली. काही फुटलेली, काही मासे खात होते. ती कोपऱ्यात निपचित पडली होती. मी शाबूत होती तेवढी पंच्यात गोळा केली आणि वेड्यासारखा बादलीभर रेतीत पुरली. पाण्यात भिजलेली अंडी धरत नाहीत हे मला ठाऊक होते, तरी पुरली. शेट म्हणाले, हे कुठे बोलू नको.

काल सभेत माझे नाव पुकारले. मी उभा राहिलो तेव्हा खरेच शेटच्या बाजूने बोलायचे ठरवले होते. तोंड उघडले आणि निघाले ते भलतेच. मी सांगितले की ती नाचत नाही, खेळत नाही, ती बाळंतपणाला जागा शोधत होती आणि आम्ही तिला सिमेंट दिले. सांगितले की तिला इथे आणवले मीच, आणि आक्काने ओटी भरून धाडली म्हणून ती माझी बहीणच. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत, त्याचे मला बरे वाटले.

शेट वाईट माणूस नाही. मला काढले, पण म्हणाले की जाताना तुझी बहीण घेऊन जा. बुधवारच्या आगबोटीने निघतो. बाबांना सांग, मुराळी येतो आहे. त्यांना माझ्यावर राग असेल तर तो धक्क्यावर काढू नये, घरी काढावा.

तुम्हा दोघांची माया तेवढी आटू देऊ नका.
सहदेव

॥ श्री ॥
तोंडवली, ११ फेब्रुवारी १९६०

चि. सहदेव यास पद्माआक्काचे अनेक आशीर्वाद.

मुंबईला परत जाऊन धरलेले गोदीतले काम अंगवळणी पडले असेल. बाबांचा खोकला बरा आहे, बघ, आधी तेच लिहिले. म्हशीला रेडकू झाले.

तू तिला किनाऱ्यावर सोडलेस त्याला वर्ष झाले. सोडण्याआधी तू नि बाबा दोघे काथ्या आणि रेती घेऊन तिच्या पाठीवरचा रंग घासत बसला होतात, आठवते? सगळा गेला, एका कोपऱ्यातली वेलांटी तेवढी राहिली.

आज उजाडताना बाबांनी मला हाक मारली. वाळूत ताजा माग होता, खड्डा बुजवलेला होता, आणि एक कासवी पाण्याकडे परत जात होती. तिच्या पाठीवर पांढरा फराटा. मी म्हटले तीच. बाबा म्हणाले की पाठीवर पाणी सुकलं तरी मीठ रवता, तसाच काय असात. पण त्यांनी हात जोडले होते.

मी धावत घरी जाऊन हळदकुंकू आणि खण घेऊन आले. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले की ओटी भरू नको गो. आता तिका हाडूक कोणी जावक नको, ती आपली आपण इली. ती लाटेत शिरेपर्यंत आम्ही उभे होतो. बाबांनी अंड्यांच्या जागेभोवती काठ्या रोवल्या आणि तिथेच बसून राहिले. खण मी परत पेटीत ठेवला.

दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले की मुराळी नसताना ती इली, तिचो भाव कधी येतलो? मी म्हटले, लिहून विचारते.

म्हणून हे पत्र. लोभ आहेच, पण या वेळी नुसत्या लोभावर भागणार नाही.
तुझी पद्माआक्का