जंतावरची गोळी

मुंबई, ११ जुलै १९७६

ती. अक्कास,
भीमाशंकरचे शरणार्थ, वि. वि.

सोलापुरात तुझ्या छातीतली गाठ काढली, तरी रोग हाडात उतरला आहे. लपवायचं नाही, अशी तूच ताकीद दिली होतीस. आमच्या इस्पितळात एका औषधाची चर्चा आहे. जंतावरचं, अगदी स्वस्त. मेंढ्यांनाही हेच पाजतात. त्याने अंगातली रोगाशी झगडायची ताकद जागी होत असावी, असं परदेशातल्या काही डॉक्टरांना वाटतं. गुण येईलच, असं कोणी सांगत नाही. आमचे मोठे सर म्हणाले, देऊन बघ, पण आशा धरू नको. मी मात्र धरून बसलो आहे.

गोळ्या पाठवतो. ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आलं, तर लगेच बंद कर आणि कळव.

दाजींना नमस्कार. धाकट्या भावावर माया असू दे.
तुझा भीमा

कुंभारी, २ सप्टेंबर

चि. भीमास अक्काचे अनेक आशीर्वाद.

गोळ्या चालू हायत. तुझे दाजी म्हणतात, उद्यापासून हिला मेंढरांबरोबर चरायला सोडतो. मी लई हसले. बरगडी दुखली, तरी हसले. ह्या म्हैन्यात भाकरी गोड लागली. आपल्या पायानं विहिरीपर्यंत गेले. शेजारची अनवरी म्हणाली, तोंडावर रंग आलाय की. मला वाटतं, औषध लागू पडलं. तू डॉक्टर हायस, तुला काय वाटतं? खरं लिव्ह.

जेवणाची हयगय करू नको.
तुझी अक्का

कुंभारी, २० ऑक्टोबर

चि. भीमास आशीर्वाद.

तुझी तार आली, गोळ्या बंद केल्या. ताप चढल्याचं आन् तोंड आल्याचं ह्यांनी मला न विचारता तुला कळवलं. मी कळवणार नव्हते. कळवलं तर तू बंद करशील, हे ठाऊक होतं. दवाखान्यात सुया दिल्या, आता ताप न्हाय. पण कंबर धरलीय, अंथरुणातनं उठवत न्हाय.

तू सोताला बोल लावत असशील. लावू नको. गोळीनं बरं वाटलं का तू धाडली म्हणून, कुणाला ठाऊक? बरं वाटलं, एवढं खरं.
अक्का

कुंभारी, २४ जानेवारी १९७७

चि. भीमाशंकर यास दाजी मल्लप्पाचे आशीर्वाद.

तारेत सगळं मावलं न्हाय. नीलम्मा माज्या मांडीवर गेली. पाणी मागितलं, मी चमचा भरेपर्यंत मान कलली. आपल्या रीतीनं बसवून माती दिली. घरात दोन ताटं वाढतो, मग ध्यानात येतं.

एक विचारायचं हाय. अनवरीच्या छातीत गाठ हाय. नीलम्माशिवाय कुणाला बोलली नव्हती. काल नवऱ्याला घेऊन आली, उरलेल्या गोळ्या मागती. देऊ का?
मल्लप्पा

मुंबई, २९ जानेवारी

ती. दाजींना शरणार्थ, वि. वि.

गोळ्या देऊ नका. त्यांनी अक्काला ते बरे दिवस दिले, की ते तसेही आले असते, हे मला अजून सांगता येत नाही. एकटीवरून कुणालाच सांगता येणार नाही. पुष्कळ जणींना देऊन आणि पुष्कळ जणींना न देता, बघावं लागेल. ते काम इथे सुरू होतंय, मी त्यात आहे. पण अनवरीने त्यासाठी थांबायचं नाही. तिची गाठ कदाचित अजून वेळेत निघेल. मिळेल त्या गाडीने दोघांना घेऊन या. मी बोरीबंदरला उभा असेन.

दाजी, कुंभारीची बाई डब्यातून उतरताना पाहून माझ्या तोंडून ‘अक्का’ निघून जाईल, हे तिला आधीच सांगून ठेवा.

आपला,
भीमा