कॉर्डरॉय नीट घालण्याविषयी ताईला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना तू चौथ्या पायरीशी थांबायचीस, ती अजून चौथ्याच पायरीशी थांबतेस की तिसऱ्या, हे खरं खरं कळव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (हे वाक्य लिहून पाच मिनिटं त्याकडे बघत बसलो. बायको आणि लेक बऱ्या आहेत. माझ्याबद्दल खात्री देता येत नाही, तेव्हा ‘आम्ही’मधून मला वगळून वाचावं.)

तू पाठवलेलं खोकं पोचल्याला आज तेवीस दिवस झाले. पोचल्याचं मी फोनवर सांगितलं होतं. पुढेही बरंच सांगत होतो, पण तू मध्येच “हो हो, छान, छान” म्हणालीस, आणि मी तोवर छान असं काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र. पत्राला आणखी एक कारण आहे. ते मी टाळतो आहे, एवढं आधीच कबूल करून ठेवतो. शेवटपर्यंत धीर टिकला तर सांगेन.

खोक्यात भाऊजींचा तपकिरी कॉर्डरॉयचा कोट, त्याच कापडाची एक पँट, आणि वर तुझी चिठ्ठी: “कपाटात ठेवून कसर लागेल. तू घाल. पण नीट घाल, बावळटासारखा नको. जमत नसेल तर कळव, कुणाला तरी देऊन टाकीन.” भाऊजींना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचे कपडे तू कुणाला तरी देऊन टाकावेस, आणि तेही मला ते घालता आले नाहीत म्हणून, हे मला सहन होणार नव्हतं. मी त्याच दिवशी रोजनिशीत लिहिलं: ‘घालणारच.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली लिहिलं: ‘पण नीट म्हणजे काय?’ त्यानंतरची पानं मी आता वाचू शकत नाही.

भाऊजी चित्रकलेचे मास्तर. सहा फूट उंच, खांद्यावर पांढऱ्या खडूची धूळ, आणि चालताना मांड्यांचा तो झुप-झुप आवाज. पोरं म्हणे त्या आवाजावरच गप्प बसायची. त्यांनी कॉर्डरॉय घातलं की कॉर्डरॉय घातलेले भाऊजी दिसायचे. मी घातलं की नुसतं कॉर्डरॉय दिसतं. हे मी विनयानं म्हणत नाही, मला पुरावा मिळालेला आहे. पहिल्या रविवारी कोट-पँट असा पूर्ण पोशाख करून मी आमच्या सोफ्यावर बसलो. सोफाही तपकिरी आहे. बायको वाळलेले टॉवेल घेऊन आली, ते तिनं माझ्या मांडीवर ठेवले आणि निवांत घड्या घालायला लागली. चौथ्या टॉवेलला मी खोकलो. ती किंचाळली. मग म्हणाली, “बसायचं असेल तर आधी सांगून बसत जा.”

लेकीला हे कळल्यावर तिनं मला समोर उभं केलं. (ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि माझ्याकडे बघताना डोकं एका बाजूला कलतं करते, जसं आपण भिंतीवरच्या ओलीकडे बघतो.) “बाबा, वर पण कॉर्डरॉय, खाली पण कॉर्डरॉय, असं कुणी घालत नाही आता. एकतर कोट, नाहीतर पँट. दोन्ही घातलं की माणूस राहत नाही, फर्निचर होतं.” हे मला पटलं. पुढे तिनं जे सांगितलं ते मी रोजनिशीत उतरवून घेतलं, कारण पुढेमागे मी कुठे चुकलो हे शोधताना उपयोगी पडेल. रेघा बारीक असल्या तर कापड सभ्य दिसतं, जाड असल्या तर ढगळ दिसतं. (मी पट्टी घेऊन मोजलं. भाऊजींच्या पँटीला इंचात आठ रेघा आहेत. “हे सभ्य की ढगळ?” असं विचारलं तर ती म्हणाली, “हे आजोबा.”) वर साधा पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट, रेघारेघांचा शर्ट मुळीच नाही, कारण रेघांवर रेघा आल्या की समोरच्याला गरगरतं. शर्ट खोचायचा नाही. पायात पांढरे बूट. आणि पँट अशी दुमडायची की घोटा दिसेल.

ताई, हा घोटा मला समजलेला नाही. सेहेचाळीस वर्षं मी तो झाकून ठेवला, आणि कुणी कधी मागणी केली नाही. पण भाऊजी माझ्यापेक्षा चार बोटं उंच, त्यामुळे पँट दुमडणं भागच होतं, आणि माझी अडचण हीच फॅशन आहे असं कळल्यावर मला आयुष्यात पहिल्यांदा काळाच्या बरोबर असल्यासारखं वाटलं. ते एक दिवस टिकलं. त्या दिवशी इस्पितळात आमच्या विभागातून श्रवणयंत्राचे दोन इवले सेल गायब झाले. सगळ्यांनी जमीन पुसून काढली, आमच्या मावशींनी केराची बादली उलटी केली. सेल संध्याकाळी घरी माझ्या पँटीच्या दुमडीत सापडले. सोबत एक पेनाचं टोपण आणि अर्धं बिस्किट. बिस्किट माझं नव्हतं.

तरीही मी ती पँट कामावर घालत राहिलो. कोट घालत नव्हतो. (कोटाचं नंतर सांगतो.) आणि इथून खरी दुर्दशा सुरू होते.

माझं काम तुला ठाऊक आहे: जाड भिंतींच्या त्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं, आणि यंत्रातून कधी बारीक, कधी जाड सूर सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. वीस वर्षं मी हेच करतो आहे. खोलीत दुसरा आवाज नको म्हणून घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवतो. गेल्या सोमवारी एक निवृत्त पोस्टमास्तर आले, सुनेबरोबर. सून म्हणाली, “यांना ऐकू येत नाही.” पोस्टमास्तर म्हणाले, “हे सगळे पुटपुटतात.” (ताई, हे वाक्य मी आठवड्यातून सहा वेळा ऐकतो. तूही म्हणतेस. ते असो.) बंद खोलीत त्यांना गुदमरायला झालं, म्हणून दार उघडं ठेवलं आणि मी यंत्र घेऊन त्यांच्या शेजारीच बसलो. तपासणी सुरू झाली. पोस्टमास्तर अचूक बटण दाबत होते. इतके अचूक, की मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला आणि सुनेबद्दल जरा संशय. मग एकदा माझ्या हातून सूर सोडायचा राहिला, आणि त्यांनी तरीही बटण दाबलं.

मी गार पडलो. प्रत्येक सूर सोडण्याआधी मी थोडा पुढे झुकतो, झुकताना मांडीवरची मांडी बदलतो, ही माझी वीस वर्षांची सवय. सुती पँट त्यावर काही बोलत नाही. कॉर्डरॉय बोलतं. शिवाय तो आवाज जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे ज्याला बारीक सूर ऐकू येत नाही त्यालाही पँटीचा काही भाग ऐकू येतोच. थोडक्यात, पोस्टमास्तरांचे कान मी तपासलेच नव्हते. त्यांनी मात्र माझी पँट तपासली होती, आणि ती उत्तम निघाली होती.

यावर दुसरा एखादा गप्प बसला असता. मला ते जमलं नाही, आणि जमलं नाही याचा अभिमानही वाटला नाही. पँट घालून मी चार दिवस काम केलं होतं. त्या चार दिवसांत नऊ जण येऊन गेले होते. नऊही जणांना परत बोलावायचं म्हणून मी आमच्या डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिलो. बाकीचे आठ दार लावून बसले होते, मी काचेपलीकडे होतो, तेव्हा त्यांना काही ऐकू येणं शक्यच नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, शक्य नाही हे मला मान्य आहे, पण खात्री नाही. त्या बराच वेळ माझ्या घोट्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “बोलवा. आणि उद्यापासून सुती.” नवापैकी चौघं आले. त्यातल्या एक शिवणशिक्षिका म्हणाल्या, “मला वाटलं पँट हा तपासणीचाच भाग आहे.” म्हणजे बंद दारातूनही ऐकू आलं होतं. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही. आज सांगेन.

पोस्टमास्तरांना मात्र पँटीचं सगळं सांगून त्यांची फेरतपासणी त्याच दिवशी केली. मावशींनी मला ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी नाडीची विजार आणून दिली. वर पांढरा टी-शर्ट, खाली हिरवी विजार, पांढरे बूट. मावशींनी फोटो काढून माझ्या लेकीला पाठवला, आणि लेकीचं उत्तर आलं: “बाबा, हे खरं मॉडर्न. कॉर्डरॉय सोडा.” तीन आठवड्यांच्या अभ्यासाचं हे फळ.

खरा निकाल वाईट होता. दोन्ही कानांना यंत्र लागणार होतं. बसवून दाखवलं, तेव्हा पोस्टमास्तरांनी ते बोटानं चाचपून बघितलं. मग माझ्यावर चिडले: “तुमची पँट मला ऐकू आली, आणि तुम्ही मला बहिरा ठरवता?” सून म्हणाली, “बाबा, अहो, मी काल दुपारी तुम्हाला तीनदा जेवायला हाक मारली.” तिचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. हळूच म्हणाले, “तू एवढी हळू बोलत नव्हतीस म्हणजे.” आणि मग, कुणाकडेही न बघता: “दोन वर्षं मी नुसतं हो-हो म्हणत होतो.”

मी यंत्राची वायर गुंडाळत होतो. ती गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिलो.

तेव्हा ताई, तुझ्या चिठ्ठीचं उत्तर: कॉर्डरॉय मला नीट घालता येत नाही. पँटीच्या गुडघ्यावर इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत ठसा आहे. (कॉर्डरॉयला उलट्या बाजूनं इस्त्री करतात, हे बायकोनं सांगितलं होतं. ज्या क्षणी ती सांगत होती त्याच क्षणी मी सुलट बाजूनं करत होतो.) माझ्यासारख्यानं या कापडाच्या वाटेला जाऊ नये. पण कुणाला देऊनही टाकू नकोस. प्रकृतीला जप. लेकीचा आत्याला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. कोटाचं राहिलं. कोट आता कोट नाही. तो मी शिंप्याकडे थोडा आखूड करायला दिला होता. ते कोपऱ्यावरचे काका, त्यांच्या तोंडात टाचण्या, आणि शेजारी मशीन चालू. टाचण्यांआडून त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायला संकोच वाटला, म्हणून मी म्हटलं, “हो हो.” परत घ्यायला गेलो तेव्हा तो कमरेपर्यंत आला होता, कॉलर गेली होती, आणि कोपरांवर कापलेल्या तुकड्यांची ठिगळं होती, तीही उलट्या लवीची, त्यामुळे वेगळ्याच रंगाची दिसतात. काका म्हणाले, “साहेब, हे कापड मांजरासारखं असतं, उलटा हात फिरला की रागावतं. पण मी विचारलं होतं, उलटं लावू का? तुम्ही हो म्हणालात.” भाऊजींचा कोट मी एका ‘हो’पायी घालवला. तू रागाव. रागावलीस तर मला जरा बरं वाटेल.

ता. क. (दुसरा) आता ते कारण. भाऊजी जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे आलो होतो. पूर्वी जिन्यावर त्यांच्या पँटीची झुप-झुप आली की तू चहाचं आधण ठेवायचीस, दार उघडायच्या आत. त्या दिवशी आवाज आला, मी ऐकला, आणि तू माझ्याशी बोलतच राहिलीस. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तसेच चार पायऱ्या खाली उतरले, आणि पाय आपटत, खोकत पुन्हा वर आले. तेव्हा तू उठलीस. ते रोज तसंच करत असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. मी त्यांना काही विचारलं नाही, तुला काही सांगितलं नाही. परक्या माणसांचे कान तपासायला मी नऊ-नऊ जणांना परत बोलावतो, आणि सख्ख्या बहिणीच्या बाबतीत दोन वर्षं मूग गिळून बसलो. हे रोजनिशीतसुद्धा लिहिलेलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी साडेअकराची वेळ मी वहीत लिहून ठेवली आहे. नावाच्या जागी ‘ताई’ एवढंच लिहिलं आहे. कॉर्डरॉयला डॉक्टरीणबाईंनी त्या एका दिवसापुरती परवानगी दिली आहे. यंत्राची तपासणी नंतर. आधी तू दाराकडे पाठ करून बस. मी भाऊजींची पँट घालून दारापासून चालत येईन. खोकणार नाही, पाय आपटणार नाही. आवाज आला की बटण वगैरे दाबायचं नाही, चहाला ऊठ. नाही आला, तर मी चालत तुझ्या खुर्चीपर्यंत येईनच, आणि मग काय करायचं ते दोघं मिळून ठरवू.

ता. क. (तिसरा) बायकोनं हे वाचलं. म्हणाली, “कान तपासायला या, एवढंच लिहायला चार पानं?” येतेस की नाही ते लेखी कळव. फोनवर ‘हो हो’ म्हणालीस तर मी धरणार नाही.