मॉरिसचं इंजिन

१० नोव्हेंबर १९९१, रविवार

घेतलं! क्लबात घेतलं मला!

आठवी सभासद आणि पहिली बाई. कमळाकर सबनीसांच्या दवाखान्यामागच्या अंगणात बैठक होती. सात पुरुष, पाच जुन्या मोटारी आणि मधे कांदेपोह्यांच्या बशा. सबनीस अध्यक्ष. दातांचे डॉक्टर. स्वतःची ऑस्टिन दाखवताना असे हसतात की त्यांचेच सगळे दात मोजून घ्यावेत. "तुमची गाडी कुठली, पद्मजाताई?" म्हटलं, मॉरिस मायनर, १९५०ची. सगळे एकदम ओहो! मग म्हटलं, इंजिन नाही. 

"म्हणजे बिघडलंय?"

"नाही. नाहीच आहे. बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते."

हसले. हसू देत! वहीत सही केली मी. २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर प्रदर्शन, क्लबाचं पहिलंच. पुण्याहून परीक्षक येणार. नियम एकच पण कडक — गाडी स्वतःच्या ताकदीवर मैदानात आली पाहिजे. ढकलून नाही, बांधून ओढून नाही.

घरी येऊन भाऊंना सांगितलं. पेपरातून वर बघितलंसुद्धा नाही. गाडी त्यांचीच, म्हणजे माझ्या वडिलांची. याच गाडीतून डॉक्टर प्रभाकर चौबळ उरणपर्यंत व्हिजिटला जायचे. मी सात वर्षांची असताना ती शेडमध्ये गेली, ती गेलीच. का, कुणी सांगितलं नाही. आईनं पण नाही.

१७ नोव्हेंबर

कासमभाई आले होते. गेली दोन वर्षं ब्रेक, वायरिंग, टायर, सगळं त्यांच्याच हातचं. आज रंगाचा शेवटचा हात झाला. मरून! काय दिसतेय! शेजारच्या आशालताकाकू मुद्दाम गॅलरीत येऊन बघून गेल्या.

कासमभाई बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "बाई, नवरी सजली. पण आत जान नाही. ओरिजिनल कुठं गेलं, ते एकदा डॉक्टरसाहेबांना विचारा ना."

विचारलं. भाऊ म्हणाले, "देऊन टाकलं." कुणाला? "आठवत नाही." चौऱ्याहत्तर वर्षांच्या या माणसाला १९५५ सालच्या पेशंटची नावं पाठ आहेत!

२४ नोव्हेंबर

कुर्ल्याचा भंगार बाजार पालथा घातला. मॉरिसचं इंजिन नाही. पाय मोडले.

३ डिसेंबर, मंगळवार

पत्ता लागला, बहुतेक!

आज टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्युटीवर होते, दुपारी लाइन रिकामी होती. उरण एक्स्चेंजच्या रमाशी गप्पा चालल्या होत्या — आम्ही एकमेकींना कधी बघितलेलं नाही, पण सहा वर्षांची मैत्री. मी आपली माझं रडगाणं गात होते. रमा मधेच म्हणाली, "अगं, आमच्या गव्हाणला धक्क्यावर सोनाबाईचं बर्फ फोडायचं मशीन आहे ना, ते म्हणे मोटारीच्या इंजिनावर चालतं. रॉकेल घालतात. सगळ्या गावाला आवाज जातो."

कुठल्या मोटारीच्या? "ते मला काय माहीत! डॉक्टरच्या मोटारीच्या म्हणतात."

पुढचा कॉल मी चुकून पुण्याऐवजी पेणला जोडला.

८ डिसेंबर, रविवार

आरसी बुक पर्समध्ये, कासमभाई बरोबर. गव्हाणला उतरलो तेव्हा ते इंजिन चालूच होतं. फट फट फट फट! खाडीच्या कडेला पत्र्याची शेड, वरून बर्फाची लादी घालायची, खालून चुरा. होड्या लागलेल्या, बायका टोपल्या घेऊन उभ्या. कासमभाईंनी नुसत्या आवाजावर माझा दंड धरला. "मॉरिस!"

बाजूची काजळी फडक्यानं पुसली. नंबर दिसायला लागला. एकेक आकडा मी वाचत होते, कासमभाई पुस्तकात बघत होते. शेवटचा आकडा जुळला आणि मी ओरडलेच!

तेवढ्यात इंजिन बंद. समोर सोनाबाई. साठीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं. "कोनाची गो तू?"

"डॉक्टर चौबळांची मुलगी."

तिनं मला खाली बसवलं. आणि मग सरळ, आवाज न चढवता सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, गव्हाणच्या वळणावर भाऊंच्या मॉरिसखाली तिच्या नवऱ्याचा पाय गेला. धर्मराज. खांद्यावर जाळं घेऊन चालला होता. भाऊंनीच त्याला गाडीत घातलं, इस्पितळात नेलं. पाय वाचला पण वाकडा जुळला. समुद्रावर जाणं संपलं. तक्रार त्यांनी केली नाही. महिन्याभरानं एक ट्रक आला, त्यात हे इंजिन. बर्फाच्या मशीनला लावा, म्हणून चिठ्ठी.

"त्याच्यावर पोरं वाढवली आमी. तशी नावं नाय ठेवीत," सोनाबाई म्हणाली. "पन इंजिन आला, डॉक्टर नाय आला. पंचवीस वरसांत येकदा पन नाय. माझा नवरा मेला का जगला, इचारला पन नाय."

मागे खाटेवर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. इंजिन न मागताच मी उठले.

९ डिसेंबर

भाऊंना जेवण वाढलं, बस.

११ डिसेंबर

मीच विषय काढला. म्हटलं, गव्हाणला जाऊन आले.

भाऊंनी चष्मा काढला. काच पुसत म्हणाले, "बाळंतपणाचा कॉल होता. मी घाईत होतो. रस्ता कोरडा, ऊन लख्ख. चूक माझीच, पद्मा. दुसऱ्या कुणाची नाही."

मग गेला का नाहीत कधी?

"पहिल्या महिन्यात धीर झाला नाही. मग सहा महिने झाले. मग वाटलं, आता कुठल्या तोंडानं जाऊ? मग वर्षं गेली." आणि उठून आत गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खाली मान घालून चालताना बघितलं.

१५ डिसेंबर, रविवार

बैठक. प्रदर्शनाच्या पाट्या रंगवायच्या, मैदानाला चुना मारायचा, सगळे अगदी लग्नघर असल्यासारखे! मी सांगितलं, माझं नाव काढा. सबनीस म्हणाले, "अहो, इंजिन सापडलं ना? मग त्या बाईंना दुसरं मशीन देऊन टाका." त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना माहीत नाही. मी पण नाही सांगितलं.

तरी नाव काढलं नाहीच त्यांनी. "राहू दे. शेवटच्या दिवसापर्यंत राहू दे," म्हणाले. भला माणूस.

२३ डिसेंबर, सोमवार

उरणहून कॉल. रमा म्हणाली, "पद्मजा, तुझ्यासाठीच आहे. गव्हाण पोस्टातून. तुला इंजिन हवंय, ते मीच सांगितलं तिला." आणि मग सोनाबाईचा आवाज. टेलिफोनवर बोलायची सवय नाही, त्यामुळे धक्क्यावरून हाक मारावी तशी!

"आयकतेस का? आमचा पोरगा मिथुन न्हावा शेव्याला पोर्टात लायटीच्या कामाला हाय. त्यानं मशीनला लायटीची मोटर बसवली. तुजा इंजिन घेऊन जा."

मी खुर्चीतून उठलेच. काय बोलू, काय नको! पण तिचं संपलं नव्हतं.

"पन तू येकटी नको येऊस. डॉक्टरला घेऊन ये. तो आला तरच देईन. नायतर खाडीत टाकीन, पन तुला नाय देनार."

२४ डिसेंबर

भाऊंना सांगितलं. "नाही," म्हणाले. एवढंच.

१ जानेवारी १९९२

नवीन वर्ष. जुनंच उत्तर.

५ जानेवारी, रविवार

आता तीन आठवडे राहिले. कासमभाई म्हणतात, इंजिन खोलून साफ करायला, रॉकेलवरून पुन्हा पेट्रोलवर आणायला निदान दहा दिवस. सगळ्या क्लबाच्या गाड्या चकाचक, रोज कुणी ना कुणी दारावरून हॉर्न वाजवत जातो. माझं चित्त थाऱ्यावर नाही. पण भाऊंना मी परत काही म्हणणार नाही. प्रदर्शनासाठी त्यांना ओढत न्यायचं? छे. जायचं तर त्यांनी त्यांच्यासाठी जावं.

१२ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी चहा घेऊन गेले तर भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून खुर्चीत बसलेले. मांडीवर व्हिजिटची जुनी बॅग! "टेम्पो किती वाजता मिळेल?"

मी तशीच धावत कासमभाईंकडे. केस पण विंचरले नव्हते!

ते वळण आलं तेव्हा भाऊंनी डोळे मिटले नाहीत. बघत राहिले.

धर्मराज खाटेवरच होता. उठायला लागला, भाऊ म्हणाले, "बसा." आणि स्वतः उभेच. सोनाबाई दाराला टेकून, हाताची घडी घालून.

"डॉक्टर, लय उशीर केलात," धर्मराज म्हणाला.

"हो. फार उशीर केला." मग भाऊ म्हणाले, "माझी चूक होती. तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. भ्यायलो."

मग भाऊ एकदम खाली बसले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जमिनीवर, आणि त्याचा पाय हातात घेऊन नडगीवरून बोटं फिरवायला लागले. डॉक्टरची बोटं. "इथं दुखतं?"

"थंडीत दुखतंय."

"गुडघा?"

"गुडघा बेस हाय."

बॅगेतून मलम काढलं, कसं चोळायचं ते सोनाबाईला दाखवलं. ती ऐकत होती आणि पदरानं डोळे पुसत होती आणि वर भाऊंनाच रागावत होती — "आता शिकवता! आता!" मग आत जाऊन चहा घेऊन आली. भाऊंच्या बशीत आधी ओतला.

इंजिन मिथुन आणि कासमभाईंनी टेम्पोत चढवलं. मी नुसती उभी. मला एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटत होतं!

२२ जानेवारी

सुरू झालं!!! संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी! आधी काळा धूर, मग खोकला, मग — गुरगुर! कासमभाईंनी वर बघून हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "माशाल्ला." आळीतले सगळे बाहेर. सुकापूरपर्यंत नेऊन आणली. दुसऱ्या गिअरला किंचित अडखळते, बाकी लोणी!

भाऊ खिडकीत होते. खाली नाही आले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर मैदान भरून गेलं. अकरा गाड्या! पुण्याच्या तीन. पोरं, बाया, एस्टीतून उतरलेली माणसं, सगळे आत. सबनीस फेटा बांधून फाटकाशी.

माझा नंबर सातवा. फाटकापासून दहा फुटांवर आले आणि — बंद! स्टार्टर दाबते, नुसतं टक टक. मागे हॉर्न, पुढे दोन परीक्षक, लोक ढकलायला धावले. सबनीस ओरडले, "हात लावू नका! ढकललं तर बाद!" मला घाम फुटला. कासमभाई गर्दीत मागे कुठंतरी अडकलेले.

आणि गर्दीतून काठी टेकत धर्मराज — निरोप धाडला होता मी, पण येईल असं वाटलं नव्हतं! मागे सोनाबाई, लोकांना कोपरानं बाजूला सारत. "सरका, सरका! ह्याचा नखरा मला ठावा हाय." डिकीतलं इंजिन फिरवायचं हँडल मागितलं, पुढून घातलं. बॉनेटला कान लावला. हँडल एकदा हळू फिरवलं, थांबला, मग एक हिसका —

लागलं! एका हिसक्यात! पंचवीस वर्षं रोज पहाटे हेच करत होता हा माणूस!

सगळं मैदान टाळ्या. परीक्षकांनी नियम पुन्हा वाचला. हँडल मारणं म्हणजे ढकलणं नव्हे. मी आत गेले. माझ्या मॉरिसमधून. स्वतःच्या ताकदीवर!

बक्षीस सबनीसांच्या ऑस्टिनला. माझा कार्बुरेटर अस्सल नाही म्हणून गुण कापले. कापू देत! एका परीक्षकानं वहीत काय लिहिलं ते मी डोकावून बघितलं — "इंजिन उत्तम चालू स्थितीत." ते मी धर्मराजला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "मग! आमी काय झोपलेलो?"

भाऊ शेवटपर्यंत कुंपणाच्या बाहेर उभे होते. गाडीजवळ आले नाहीत. स्टिअरिंगला हात लावून पंचवीस वर्षं झाली त्यांना. मी आग्रह केला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी उठले तर शेडमध्ये गाडी नाही! भाऊ पण दिसेनात. सबनीसांना फोन, कासमभाईंना फोन. पोलीस स्टेशनला जायला चपला घातल्या, तोच कोपऱ्यावर हॉर्न.

स्टिअरिंगवर भाऊ. शेजारी धर्मराज. दोघांच्या पोटऱ्यांपर्यंत ओली वाळू. मागच्या सीटवर पापलेटांची टोपली.

"उरणला समुद्रावर गेलो होतो," भाऊ म्हणाले. "आता दर रविवारी जायचं ठरलंय. तुझ्या क्लबाचं काय असेल ते शनिवारी ठेवत जा."