एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

२ तारीख, मंगळवार

पोचलो एकदाचा. खोली झकास आहे. खाट, टेबल, आरसा, आणि दाराला आतून कडी, म्हणजे चैनच. निघताना दादा म्हणाला होता, तुझ्या पायाला भिंगरी, तू एका जागी टिकलास तर मी मिशी उतरवीन. चार नोकऱ्या सोडल्या हे खरं. पण दादा, आता वस्तऱ्याला धार लावून ठेव.

काम संरक्षण खात्याच्या भुयारी कोठारात. अणूचा माल शिशाच्या जाड डब्यांत ठेवलाय. माल म्हणजे नेमकं काय, ते सातवी नापासाला कोण सांगणार! एवढंच कळलं की त्याच्याजवळ एकट्यानं जायचं नाही, कितीही मोठा साहेब असला तरी. एकटा माणूस चोरी करेल, नाहीतर मरून पडेल, आणि दोन्ही कुणाला कळणार नाही. म्हणून जोडीनं आत, जोडीनं बाहेर. मी मोठ्या साहेबांचा जोडीदार. त्यांच्याबरोबर नुसतं उभं राहायचं. असली नोकरी सोडायला मी काय वेडा आहे?

साहेबांनी स्वतः निवडलं मला. घरी कोण कोण, फोन रोज करतोस का, न सांगता कधी निघून गेलायस का, सगळं मायेनं विचारलं. ही वहीही त्यांचीच. रोज लिही, अक्षर सुधारेल म्हणाले.

४ तारीख, गुरुवार

साहेब बत्तीस वर्षं याच कामात. रखवालदार म्हणून लागले, आता देशभरच्या कोठारांची सुरक्षा त्यांच्याकडे. नवे अधिकारी त्यांनी लिहिलेले नियम घोकतात. त्यांच्याबद्दल सगळे एकच वाक्य बोलतात: एक कण हरवला नाही, एक माणूस हरवला नाही. तीस तारखेला निवृत्त होतायत. त्याच दिवशी तपासणी, माल दुसरीकडे गेलेला असेल, आणि हे कोठार काँक्रीट ओतून कायमचं बुजवणार.

दाराशी एक फळा आहे, अर्धा हिरवा, अर्धा लाल. आत जाताना आपला पितळी बिल्ला लाल बाजूच्या खिळ्याला लावायचा, बाहेर आलं की हिरव्या. लाल बाजू रिकामी झाल्याशिवाय दाराला कुलूप नाही. फळा सांभाळते ती बिल्लेवाली बाई. पन्नाशीची, जिभेला हाड नाही. मला एक्केचाळीस नंबरचा नवा कोरा बिल्ला देताना म्हणाली, मिरवा नवरदेव, पण परत आणा.

आत दिवे अधूनमधून जातात. म्हणून दर पाच मिनिटांनी हाक. साहेब म्हणतात "एक", मी म्हणतो "दोन". पहिल्या दिवशी मला हसूच फुटलं. साहेबही हसले.

९ तारीख, मंगळवार

साहेबांना आता काका म्हणतो. त्यांनीच सांगितलं. डब्याच्या तारेला शिशाचं सील कसं बांधायचं ते शिकवलं, पाच वेळा चुकलो तरी आवाज चढवला नाही. बाबा गेल्यापासून पाठीवर असा हात कुणाचा पडला नव्हता. दादाचा पडायचा, पण तो धपाटा.

बाईनं टोमणा मारलाच. म्हणे, ज्याला भाऊ नाही त्याला पुतण्या कुठला रे?

आत तीन दालनं आहेत. तिसरं कायमचं बंद. रिकामं आहे म्हणाले.

१५ तारीख, सोमवार

दिवे गेले. काका म्हणाले "एक". मी म्हणालो "दोन". आणि तिसऱ्या दालनाच्या दारामागून कुणीतरी म्हणालं —

"तीन".

काका म्हणाले, आवाज घुमतो इथं. बाहेर आल्यावर पाणी पाजलं मला. पण आवाज घुमला तर "दोन" घुमेल. तीन कसा घुमेल? कोण जास्त शिकलेलं असेल त्यानं सांगावं.

१७ तारीख, बुधवार

छातीवर एक फिल्म लावतात, माल डब्यातून पाझरला तर ती काळी पडते. माझी आली. काळी नाही. नुसती चार बोटं उमटलीयत. कुणी छातीवर हात टेकवून उभं राहिल्यासारखी. काकांनी ती खिशात घातली. म्हणाले, चाळा केला असशील.

चाळेखोर आहेच मी. पण बोटं माझ्यापेक्षा लांब आहेत.

२२ तारीख, सोमवार

हात शिवशिवतात माझे. फळ्याच्या लाल बाजूला तळाच्या खिळ्यावर रंगाचा एक फुगा आहे. पुन्हा पुन्हा रंग मारून बसलेला. नखानं खरवडला. आत पितळ. बिल्ला.

एक्केचाळीस.

बाईला दाखवला. तिनं जुनी नोंदवही काढली. एकतीस वर्षांपूर्वी भोंगा वाजला होता, पाझर झाला होता. काकांनी तिसऱ्या दालनाचं दार अर्ध्या मिनिटात बंद केलं, खालचं गाव वाचलं. पहिलं पदक त्याचंच, पहिली बढतीही. नोंदीत काकांचंच अक्षर: दोघेही बाहेर. जोडीदार दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही, पळून गेला असं सगळे धरून चालले.

जोडीदाराच्या नावापुढे वडिलांचं नाव, आडनाव काकांचंच. म्हणजे सख्खा धाकटा भाऊ, आजवर कुणाला न सांगितलेला. एक्केचाळीस नंबर.

बाई म्हणाली, आजच्या गाडीनं घरी जा.

२५ तारीख, गुरुवार

पिशवी भरली होती. तेवढ्यात काका खोलीवर आले. खाटेवर बसून रडले. लहान मुलासारखे. म्हणाले, भोंगा वाजला की आत कुणी असलं तरी दार लावायचं असा नियम होता, मी पाळला, आणि मग खोटं लिहिलं. तीसला तपासणीवाल्यांसमोर सगळं कबूल करणार, दार उघडून त्याला बाहेर काढणार. एकट्यानं जाता येत नाही. तू माझ्याबरोबर उभा राहा, एवढंच.

म्हणाले, तुझ्याइतका विश्वास माझा कुणावर नाही.

हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पिशवी रिकामी केली.

२९ तारीख, सोमवार

"एक" — आणि मी तोंड उघडायच्या आत "दोन".

दाराच्या पलीकडून. माझ्या आवाजात.

काका हसले. मला वाटलं घाबरून हसले असतील. आता लिहिताना वाटतं — नाही. कुणी पाठ केलेला धडा बरोबर म्हटला की मास्तर हसतो, तसे.

३० तारीख, मंगळवार

बाई नव्हती. तिला आज सुट्टी दिली म्हणे. बिल्ला काकांनी स्वतः हातात दिला. कडेला लाल रंगाचे कण — नवा नाही, तो जुना — आणि फळ्यावरचा फुगा नव्हता. पाहिलं. पाहून गप्प बसलो. काका होते ना बरोबर.

वहीही घे म्हणाले.

तपासणीवाले दाराशी थांबले. आम्ही दोघे आत. तिसरं दालन उघडलं. रिकामं. बॅटरी माझ्या हातात देऊन म्हणाले, कोपऱ्यात बघ जरा, पुढे हो. झालो —

दार लागलं.

मला वाटलं चुकून. काका काका म्हणून हाका मारल्या. त्यांचा आवाज आला, मायेनं भरलेला. पण मला नाही. म्हणाले, चल रे धाकट्या, पुष्कळ उशीर झाला.

पावलं गेली. दोन माणसांची.

ते रडणं खरं होतं. माझ्यासाठी नव्हतं, एवढंच. केसानं गळा कापला माझा.

वरून हाक. "एक".

"दोन". माझ्याच आवाजात, हसऱ्या.

मी ओरडलो. तीन! तीन! घसा फाटेस्तोवर. वर कुणीतरी विचारलं, आत कोण आहे का? आणि काका शांतपणे म्हणाले —

आवाज घुमतो इथं.

आता वर काहीतरी ओततायत. जड. बॅटरी पिवळी पडत चाललीय. दाराला आतून माझ्या उंचीवर चार बोटांच्या खाचा आहेत. बोटं ठेवून पाहिली. अजून आखूड पडतात माझी —

घरी कुणी आलं आणि मीच आहे म्हणालं, तर त्याला घरात घे —

घेऊ नकोस, दादा. त्याची बोटं बघ आधी. आणि मिशी उतरव. टिकलो मी एका जा