टीचभर कातळ आणि तेराच्या रिंगा

९ फेब्रुवारी १९८६
गाडीचे चारी टायर गुळगुळीत. हात फिरवला तर शाळेतली पाटी आठवते. सौ. म्हणाली, आता यांवर बाराखडी गिरवा. थोरल्या बहिणीला, अक्काला, ऑपरेशनसाठी गावाहून आणायच्या आधी बदलायलाच हवेत. डॉक्टरांनी २८ ता. दिली आहे. तिचा एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्यातला मोतीबिंदू काढायचा. याहून उशीर नको, असं त्यांनी बजावलं.

११ फेब्रु.
हसनमियाँच्या टायरच्या दुकानात तासभर. रेडियल म्हणून नवा प्रकार आलाय. हलका फिरतो, पेट्रोल वाचतं. पण माझ्या गाडीच्या चौदा इंची मापात तो मिळत नाही. रेडियल हवा तर तेराच्या रिंगा घाला. भोकं जुळतात, गाडी मात्र बोटभर खाली बसेल. चौदाचे साधे घेतले तर उंची आहे तशी, पेट्रोल पिणंही आहे तसं.
मियाँनी विचारलं, "काका, जाणं-येणं कुठं? डांबरी की पाणंद?"
दोन्ही, म्हटलं.
"मग पोटाखालचं माप घ्या आधी. पेट्रोलचं नंतर."

१२ फेब्रु.
अक्काचं गाव आरे-वाऱ्याच्या बाजूला. डांबरी रस्ता सोडला की तिच्या दारापुढच्या खळ्यापर्यंत पाणंद. गेल्या पावसाळ्यात माती वाहून गेली नि मधोमध कातळाचा उंचवटा उघडा पडला. आजवर गाडी रस्त्यावरच ठेवून चालत गेलो, म्हणून कधी अडलं नाही. आता अक्काचे गुडघे.
चौघं मिळून खुर्चीतून उचलून आणू, असं मागे सुचवलं होतं. म्हणाली, "तुझे भावोजी तसेच गेले नि आले नाहीत. खळ्यात गाडी आण, मी बसते."
कातळ फोडता येत नाही. पाणंद तिच्या चुलतदिराच्या, बापूच्या जमिनीतून. वहिवाट आहे, पण हात लावायचा तर त्याला विचारायला हवं. फणसाच्या झाडावरून दोघांत अबोला. अकरावं वर्ष.
एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला: उंचवटा केवढा ते कळव.

१४ फेब्रु.
अक्काचा निरोप आला. स्वतः टेकत जाऊन चाचपून मोजलं. टीचभर.
मी अंगणात उताणा पडून गाडीखाली हात घातला. अंगठा ते तर्जनी, एक टीच. वर दोन बोटं सहज. तेराच्या रिंगांनी एक बोट गेलं तरी एक उरतं. सौ. ओटीवरून म्हणाली, माणसं म्हातारपणी देवापुढे आडवी होतात.
होडीची कविता आठवत पडून राहिलो. चौथीच्या पुस्तकातली. तिसरं कडवं येत नाही. अक्काला शाळा नव्हती. मी ओरडून पाठ करायचो, ते भात कांडताना ऐकून तिला सगळं पुस्तक येई.

१७ फेब्रु.
तेराचे रेडियल घातले. मियाँ म्हणाला, "माप घेतलंत ना?" घेतलं, म्हटलं. जुन्या रिंगा टायरांसकट घरी आणल्या.
गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. बंदर खात्यात होतो तेव्हा भरतीला पडाव असाच सुटायचा.

१९ फेब्रु.
नाक्यापर्यंत चौघांनी थांबवलं. काका, हवा कमी आहे. रेडियलचं पोट असंच फुगलेलं दिसतं, हे चौघांना सांगितलं. पाचव्याला सांगायचा कंटाळा आला, हवा भरून घेतली. मियाँनी पाहिलं नि तेवढी काढली.

२३ फेब्रु. रविवार
रंगीत तालीम म्हणून अक्काकडे. पेट्रोल कमी लागलं, किती ते सांगता येत नाही. एरवी मीटरवर सोळा कि.मी. होतं ते गाव आज साडेसोळाच्या पुढे गेलं. मैलाचे दगड तेच. चाक लहान, गिरक्या जास्त, मीटर त्याच मोजतो.
पाणंदीत शिरलो. पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू. उंचवट्यावर खालून असा आवाज झाला की दात शिवशिवले. गाडी कातळावर बसली. कशीबशी मागे घेतली. बापू त्याच्या ओटीवर पाठ करून सुपारी कातरत होता. कातरायचं थांबला नाही.
अक्का खळ्याच्या टोकाला काठी घेऊन उभी. "काय रे बाळू, टीचभर सांगितलं होतं ना?"
तिचा हात धरला. टीच ताणायला लावली, शेजारी माझी. तिची माझ्याहून दीड बोट मोठी.
लहानपणी दर पाडव्याला हीच मला खांबाशी उभं करून याच हातानं मोजायची. मला ठाऊक नसायला काय झालं होतं.
उंचवट्याच्या दोन्ही अंगांना दगडांची भर घातली तरी चाकं वर उचलली जातील. पण तीही बापूच्या जमिनीत. मी जाऊन विचारलं. सुपारीवरची नजर न काढता म्हणाला, "जिला जायचंय तिनं विचारावं."
अक्काला सांगितलं. मग होडीचं तिसरं कडवं सबंध म्हणून दाखवलंन, मी न विचारता.

२४ फेब्रु.
मियाँकडे. जुन्या रिंगा पुन्हा चढवल्या तर कातळ पार होईल, अर्धं बोट राखून. पण त्या गुळगुळीत टायरांवर म्हातारं माणूस घेऊन यायचं? चौदाचे नवे आज संपलेत, शुक्रवारनंतर येतील. शुक्रवारीच २८.
मियाँ म्हणाला, जपून गेलात तर एक फेरी निघेल. सौ. नको म्हणते. मी चढवणार. बापूचे पाय धरायला नकोत.

२६ फेब्रु.
रिंगा ओसरीवर काढल्या. जॅक लावणार तोच एस.टी.चा कंडक्टर दाराशी. अक्काचा निरोप: रिंगा बदलू नको. शुक्रवारी सकाळी ये. त्याआधी मी बापूच्या ओटीवर जाऊन येते.
आणखी काही म्हणाली का, विचारलं. नाही, म्हणाला.

२७ फेब्रु.
आज निरोप नाही. तिकडून येणाऱ्या एस.टी.च्या दोन्ही गाड्यांना जाऊन उभा राहिलो.
तेराच्या रिंगा गाडीला, चौदाच्या ओसरीवर. हलवल्या नाहीत.
तिच्या ओटीपासून बापूची ओटी चाळीस पावलं, असं ती सांगायची. कुणाच्या पावलांनी ते विचारायचं राहिलं. पहाटे निघतो.